भित्र्या कुत्र्याला वेळ द्या, परत पाठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या 'वाचकांची पत्रे' या सदरात एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. त्यांनी भटक्या कुत्र्यांच्या दत्तक-शिबिरातून एक मोठी कुत्री घरी आणली. ती पलंगाखालून बाहेरच येईना, चार घास खाईना, आणि घरातला मुलगा जवळ गेला तर गुरगुरली. आठवड्याच्या आत त्यांनी ती परत केली. 'रस्त्यावरचं जनावर घरात रुळत नाही, हौस असेल त्यानं चांगल्या जातीचं पिल्लू विकत आणावं,' असा त्यांनी शेवटी निष्कर्ष काढला. त्या गृहस्थांवर माझा राग नाही. कुत्री हातात देताना कुणी त्यांना चार गोष्टी नीट समजावल्या असत्या, तर ती आज त्यांच्या ओटल्यावर ऊन खात बसलेली असती. पण ते पत्र वाचून इतरांनी हात आखडता घेऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, शक्यतो कापू नये ही विनंती.

मी इंदूरच्या राजेंद्रनगरात राहते आणि घरी जेवणाचे डबे करते. सकाळी सहापासून आमच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, पोळपाट-लाटणं आणि स्टीलच्या डब्यांची आदळआपट चालू असते. भेदरलेल्या कुत्र्यासाठी याहून वाईट घर शोधून सापडणार नाही. तरीही या घरात रस्त्यावरून आलेले भित्रे कुत्रे राहिले, म्हातारे झाले आणि इथेच गेले. सध्या ठमी आहे. तीही शिबिरातूनच आली, त्याआधी एका घरातून परत आलेली होती. अंगानं काटकी, रंगानं विटकरी, नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला खाच. गाडीतून उतरवली तेव्हा ती चालली नाही, फरशीला पोट लावून सरपटत गेली आणि मागच्या खोलीतल्या दिवाणाखाली भिंतीला चिकटून बसली.

अशा वेळी घरातली माणसं प्रेमानंच सगळा घोटाळा करतात. एक जण बिस्कीट घेऊन दिवाणाखाली हात घालतो, दुसरा टॉर्च मारून पाहतो, मुलं पालथी पडून हाका मारतात, शेजारची मंडळी 'बघू तरी' म्हणून येऊन जातात. सगळ्यांचा हेतू चांगला असतो. कुत्र्याला मात्र एवढंच कळतं की लपायची जी एकच जागा मिळाली होती, तिथेही हात पोचतात. दही लावलं की ते हलवायचं नसतं, बोट घालून पाहत राहिलं तर ते लागतच नाही. तेवढा धीर नव्या कुत्र्याच्या बाबतीत ठेवला तरी अर्धं काम होतं.

आम्ही दिवाणाखाली एक जुनी चादर सारली, पाण्याचं भांडं आणि दहीभात तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवला, आणि त्या खोलीत मोठ्यानं बोलणं बंद केलं. दिवसा तिनं कशाला तोंड लावलं नाही. रात्री सगळे निजले की भांडं रिकामं व्हायचं. ज्या कुत्र्यानं रस्त्यावर माणसांचे दगड खाल्ले आहेत, त्याला माणसासमोर मान खाली घालून खाणं म्हणजे धोका वाटतो. म्हणून 'दिवसभर उपाशी आहे हो' म्हणून घाबरून जाऊ नये. पाणी पीत असेल आणि रात्री खात असेल तर ठीक चाललं आहे. पाणीही प्यायलं नाही, किंवा उलट्या, जुलाब, ताप असला, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावं.

ठमी पहिल्यांदा बाहेर आली ती माझ्यासाठी नाही, माझ्या सासूबाईंसाठी. त्यांनी तिला बोलावलंही नव्हतं. त्यांना कुत्र्यांचं फारसं वेड नाही, घरात मांसमच्छी शिजवायलाही त्यांची परवानगी नाही. हिवाळ्याचे दिवस होते, डब्यांसाठी ढीगभर मटार सोलायचे होते आणि मागच्या खोलीत ऊन येतं म्हणून त्या तिथे जमिनीवर बसून सोलत होत्या. दिवाणाकडे त्यांची पाठ. तोंडानं रामरक्षा चाललेली, एका सुरात, न थांबता. मी दारातून पाहिलं तर दिवाणाखालून आधी नाक आलं, मग मान लांब झाली, मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत तिथेच रोवलेले. तिनं त्यांच्या पदराचा वास घेतला आणि झटकन मागे गेली. सासूबाईंना कळलं होतं. त्या हलल्या नाहीत, वळल्या नाहीत, रामरक्षा थांबवली नाही. थोड्या वेळानं एक मटारदाणा मागच्या बाजूला सोडला. मग आणखी एक. ठमीनं तो दाणा खाल्ला. पुढे रोज दुपारी हाच नेम झाला आणि एके दिवशी ती त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली.

यात जे घडलं त्याला कारण आहे. भ्यालेल्या कुत्र्याला समोरून चालत येणं, डोळ्यांत पाहणं, वाकून डोक्यावर हात फिरवणं, या तिन्ही गोष्टी धमकीसारख्या वाटतात. पाठ किंवा कूस करून खाली बसलेलं, एका लयीत काम करणारं माणूस त्याला कळतं. आणि पुढे यायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवता आलं, की भीती हळूहळू ओसरते. ओढून मांडीवर घेतलेलं कुत्रं गप्प बसतं, ते धीट झालं म्हणून नव्हे. त्यानं हात टेकलेले असतात. 'चार दिवस चिकटून राहा, होईल सवय' हा सल्ला मी सरसकट ऐकते आणि तो मला अजिबात मान्य नाही.

भीती मुळात येते कुठून, हेही सांगायला हवं. पिल्लू साधारण तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत त्याचं मन सगळ्या गोष्टी स्वीकारत असतं. त्या काळात ज्यानं माणसाचा हात, जिना, मिक्सर, छत्री, लहान मुलं पाहिली, त्याला त्या गोष्टी पुढे नेहमीच्याच वाटतात. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लानं त्या वेळी आईपाठोपाठ नाली आणि ट्रकची चाकं पाहिलेली असतात. घरात आल्यावर फिरता पंखाही त्याला अनोळखी. पुढे त्यात काठ्या, गरम पाणी, पकडायची गाडी यांची भर पडते. म्हणजे कुत्रं 'वेडसर' किंवा 'कृतघ्न' नसतं, त्याला या जगाची ओळखच झालेली नसते. ती ओळख मोठेपणीही करून देता येते, फक्त वेळ जास्त लागतो. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मंडळींत 'तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने' असा एक ढोबळ हिशेब सांगतात: धास्ती उतरायला तीन दिवस, घरची वेळापत्रकं कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. हा साध्या कुत्र्याचा हिशेब. फार भेदरलेल्याला याहून बराच जास्त काळ द्यावा लागतो. आठवड्याच्या आत परत केलेल्या कुत्रीला तर कुणी ओळखलेलंच नसतं.

आता गुरगुरण्याबद्दल. त्या गृहस्थांचा धीर तिथेच सुटला आणि आई म्हणून मला ते समजतं. पण गुरगुरणं म्हणजे 'मला भीती वाटते, जवळ येऊ नका' हे सांगायचं कुत्र्याचं साधन. त्याच्याही आधी ते बरंच काही सांगून चुकलेलं असतं. खायला काही नसताना जिभेनं ओठ-नाक चाटतं, झोप नसताना जांभई देतं, तोंड फिरवतं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो, शेपूट पोटाखाली जातं, अंग लाकडासारखं ताठ होतं. हे कुणी वाचलं नाही की गुरगुर येते. ती ऐकून रागावलात, फटका मारलात, तर पुढच्या वेळी कुत्रं गुरगुरणार नाही, सरळ चावेल. गुरगुरल्यावर शांतपणे मागे सरावं आणि कशामुळे झालं ते शोधावं.

ठमी फक्त उजव्या बाजूनं कुणी ओलांडून गेलं तरच गुरगुरायची. धाकट्या मुलाच्या हे लक्षात आलं. तिला महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन एक्स-रे काढला तर मागच्या पायाचं हाड कधीतरी मोडून वाकडंच जुळलेलं निघालं. तिथे धक्का लागायची तिला धास्ती होती. दुखण्यावर औषध सुरू झालं, बिछाना उजवी बाजू भिंतीकडे आणि डावी बाहेर राहील असा फिरवला, आणि गुरगुर थांबली. म्हणून म्हणते, भित्र्या कुत्र्याची आधी शारीरिक तपासणी करून घ्या. कान, दात, सांधे, गोचीड ताप, सगळं. फारच घाबरत असेल तर डॉक्टर भीतीवरचं औषधही देतात, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. आपल्या घरातल्या गोळ्या मात्र कधीही देऊ नयेत, माणसांची साधी वेदनाशामकंही कुत्र्याच्या जिवावर बेततात. कांदा, मनुका, चॉकलेट यांचंही तेच.

आवाजांचं काम सर्वात चिकाटीचं. डब्यांच्या झाकणांचा आवाज झाला की ठमी लघवी करायची. आम्ही पहिल्यांदा ओट्यावर जाड सतरंजी टाकली. मग दुपारी, डबे गेल्यावर, मी लांबच्या खोलीत एक झाकण दुसऱ्यावर अगदी हलकं टेकवायचे, आणि मुलगा तिच्यापुढे पनीरचा तुकडा टाकायचा. आधी आवाज, मग लगेच पनीर. हा क्रम उलटा झाला तर पनीर दिसताच 'आता काहीतरी वाईट होणार' असं ती शिकते. आणि तिनं पनीर खायचं सोडलं तर समजायचं की आवाज मोठा झाला किंवा आपण फार जवळ आलो. मागे जायचं, पुन्हा लांबून सुरू. अंतर इतकं हळूहळू कमी होत गेलं की रोज पाहणाऱ्याला फरक कळला नसता. आता कणीक मळताना झाकण पडलं तर ती कान टवकारून माझ्याकडे बघते.

निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, पिवळ्या कचरागाडीचं असंच. इंदूरला २०१७ पासून स्वच्छतेचा मान मिळतो आहे, मला त्याचा अभिमान आहे, दारावर गाडी येते म्हणून गल्लीत कचराकुंडी उरली नाही. पण ती गाडी रोज सकाळी लाऊडस्पीकरवर गाणं लावून येते, आणि कुत्री पकडायलाही मोठी गाडीच येते. ठमीला त्यातला फरक कोण सांगणार? गाणं कोपऱ्यावर ऐकू आलं की ती न्हाणीघरात शिरून बादलीमागे कापत उभी राहायची. मुलानं ते गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. संध्याकाळी ते इतक्या बारीक आवाजात लावायचा की आम्हाला नीट ऐकू येत नसे, आणि सोबत उकडलेल्या अंड्याचा तुकडा (सासूबाईंनी अंड्याला परवानगी दिली, हे मला नोंदवायलाच हवं). महिनाभर आवाज वाढवलाच नाही. खरी गाडी यायच्या वेळी मात्र तिला मागच्या खोलीत ठेवून दार लावून घेत होतो, कारण इकडे सराव चालू असताना रोज सकाळी खरी भीती बसली तर सगळं पाण्यात जातं. आज गाडी आली की ती उठून मागच्या खोलीत जाते आणि चादरीवर बसते. कापत नाही. गाडीपाशी जाऊन उभी राहावी अशी माझी अपेक्षाही नाही. प्रत्येक कुत्र्यानं सगळ्यांपुढे शेपूट हलवलीच पाहिजे, असं कुठे आहे?

डबे न्यायला येणाऱ्या भय्यांचंही इथे नाव काढायला हवं. त्यांचं हेल्मेट पाहून ठमी भिंत चढायची. ते स्वतःहून फाटकाबाहेर हेल्मेट काढून गाडीला अडकवू लागले, आत आले की तिच्याकडे न बघता एक टोस्ट पायरीवर ठेवून डबे उचलू लागले. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. आता त्यांच्या गाडीचा आवाज ती लांबून ओळखते.

बाहेर फिरवण्याची घाई करू नये. नवं कुत्रं हातून निसटतं ते बहुतेक पहिल्याच दिवसांत, आणि पळालं तर त्याला परतीचं घरच ठाऊक नसतं. गळ्यातला पट्टा घाबरून मागे जोर लावला की डोक्यावरून निघतो. छातीला बांधायचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा, दोन्हींना वेगवेगळी दोरी, असं नेलं तर एक सुटलं तरी दुसरं राहतं. पट्ट्यावर फोन नंबर पहिल्याच दिवशी लावावा. फाटक आणि घराचं दार एकाच वेळी उघडू नये, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावावी.

आता थोडं शिबिरांविषयी. शिबिरात लोक पिल्लांभोवती गर्दी करतात, ती दुपारपर्यंत संपतात. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली मोठी कुत्री संध्याकाळी तशीच परत जातात. हे पुढच्या काळात वाढणार आहे. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सांगितलं आहे की इच्छुकांना पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेता येईल, त्याला टॅग लावून दिलं जाईल आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची राहील. त्यानंतर ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश झाला. म्हणजे निवाऱ्यांत यापुढे पिल्लांपेक्षा मोठी, जागेवरून उखडलेली, भ्यालेली कुत्रीच जास्त असणार. आणि 'पुन्हा रस्त्यावर येणार नाही' ही अट पाहता, आठवड्यात कंटाळणाऱ्याला कुत्रं देणं म्हणजे त्या कुत्र्यावर आणि त्या माणसावरही अन्याय आहे.

म्हणून शिबिरं भरवणाऱ्या संस्थांना आणि निगमला माझं कळकळीचं सांगणं आहे. अर्जावर सही घेऊन कुत्रं गाडीत बसवू नका. आधी त्या कुटुंबाला दोन-तीनदा निवाऱ्यात येऊन नुसतं पिंजऱ्याजवळ बसू द्या. घर बघून या. लपायची जागा, खाणं, गुरगुर, दोन दोऱ्या, यांवर एक पान मराठीत आणि हिंदीत छापून हातात द्या. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला फोन करा. बहुतेक कुत्री याच दिवसांत परत येतात, आणि 'ताई, ती पलंगाखालीच आहे' म्हणणाऱ्याला 'असू द्या, बरोबर चाललं आहे' एवढं सांगणारं कुणी भेटलं तर त्यातली कितीतरी राहतील. दोनदा-तीनदा परत आलेलं कुत्रं दर खेपेला आणखी आत मिटत जातं. ठमीला पाहिलं आहे म्हणून सांगते.

सगळीच कुत्री घरात आणावीत असंही मी म्हणत नाही. गल्लीत रुळलेलं, लस टोचलेलं, नसबंदी झालेलं, चार घरी हक्कानं पोळी खाणारं कुत्रं जिथे आहे तिथेच सुखी असतं, त्याला प्रेमापोटी उचलून तिसऱ्या मजल्यावर कोंडू नये. ज्या घरात रांगतं मूल आहे, तिथे फार भेदरलेलं कुत्रं देऊ नये, मुलासाठीही आणि कुत्र्यासाठीही. आणि रेबीजच्या बाबतीत कसलीही ढिलाई नको. कुत्र्याला दरवर्षी लस, आणि दात किंवा नख लागून ओरखडा जरी उठला तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना. घरचं कुत्रं आहे, काही होत नाही, असं कुणी म्हणू नये.

ज्यांची मुलं मोठी झाली आहेत, जी मंडळी निवृत्त आहेत, दुपारी घरी असतात, शांतपणे वाचत, विणत किंवा भाजी निवडत बसतात, त्यांना मी विशेष आग्रह करीन. आपल्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांत अशी कितीतरी घरं आहेत. भित्र्या कुत्र्याला लागतं ते सगळं त्या घरांत आधीच आहे. पिल्लाची धावपळ तुम्हाला झेपणार नाही, मोठं कुत्रं झेपेल.

रंगपंचमी तोंडावर आली आहे. राजवाड्याची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आणि कॉलन्यांतले डीजे आटोपेपर्यंत नवं कुत्रं घरी आणू नये, निवाऱ्यांनीही त्या दिवसांत देऊ नये. ज्यांच्या घरी आधीच आहे, त्यांनी त्या दिवशी त्याला पहाटे फिरवून आणावं, मग आतल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा जोरात सोडून ठेवावं आणि घरातल्या एकानं तरी जवळ बसावं. त्यानंतर होणाऱ्या शिबिरांच्या तारखा आपल्या अंकात छापल्या, आणि सोबत पिल्लांऐवजी मोठ्या कुत्र्यांची माहिती दिली, तर फार उपकार होतील. पत्र लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना पुन्हा प्रयत्न करावासा वाटला, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे, तो त्यांना जरूर द्यावा. दुपारी तीननंतर मी घरीच असते.

आपली,
एक डबेवाली वाचक,
राजेंद्रनगर, इंदूर